पायऱ्या कोणी दाखवल्या

शाळेत ती पुस्तिका आली तेव्हा तुळसा तिसरीच्या मुलींकडून पाढे म्हणून घेत होती. मुख्याध्यापिका मालनताईंनी प्रत्येक वर्गावर एकेक प्रत धाडली होती. सोबत चिठ्ठी होती, की पुढच्या महिन्यात मुलींना गावातली प्रेक्षणीय स्थळं दाखवायची आहेत, तरी बाईंनी पुस्तिका वाचून तयारी करावी. बत्तीस पानांची पुस्तिका. वर कल्याणच्या किल्ल्याच्या दरवाजाचं चित्र, आणि खाली नाव: विठ्ठलराव केळशीकर, निवृत्त हेडमास्तर, ठाणे.

नाव वाचून तुळसाला आनंद झाला. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी, त्रेपन्न साली, तिच्या बापाच्या होडीत बसले होते.

तिचा बाप काळुराम तरे किल्ल्याखालच्या बंदरावर होडी चालवायचा. खाडीपलीकडच्या माणसांना अलीकडे आणायचं, अलीकडच्यांना पलीकडे सोडायचं, हे काम त्याच्या घरात किती पिढ्या चाललं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. केळशीकर धोतर आवरत बंदरावर आले आणि कल्याणावर पुस्तक लिहितोय म्हणाले. सुभेदारांचा वाडा पाहून झाला होता, शेणाळं तळं पाहून झालं होतं, किल्ल्याचे बुरूज मोजून झाले होते. खाडीच्या बाजूने किल्ला कसा दिसतो ते पाहायचं होतं.

काळुरामनं त्यांना नुसता किल्ला दाखवला नाही. बुरुजाखाली, पाण्यात, अकरा पायऱ्यांचा जुना धक्का होता. अवसेनंतरची मोठी सुकती लागली की पाणी पार आत ओढलं जायचं आणि घटकाभर त्या पायऱ्या उघड्या पडायच्या. दोन पायऱ्यांना दोर ओवायची भोकं होती आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर कोणीतरी छिन्नीनं गलबत कोरलेलं होतं. काळुरामला त्या त्याच्या बापानं दाखवलेल्या. त्यानं केळशीकरांना सांगितलं, परवा अवस आहे, त्या दिवशी या. ते आले. सलग तीन दिवस आले. काळुरामनं तीन दिवस फेऱ्या बंद ठेवल्या, पलीकडच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तुळसा तेव्हा ट्रेनिंगची परीक्षा देऊन घरी होती. तिनं स्वतः त्यांना ओटीवर चहा दिला होता, आणि त्यांनी जाताना म्हटलेलं तिनं ऐकलं होतं: "काळुराम, तुमचं नाव छापून येईल बरं का."

तेव्हापासून बाप वाट पाहत होता. बोलत नसे, पण वर्तमानपत्रात बांधून वाणसामान आलं की कागद तुळसापुढे धरायचा. "यात काय हाय का बग." तो वेगळा कागद असतो, पुस्तक वेगळं, असं तिनं कितीदा सांगितलं असेल.

मधल्या सुट्टीत तिनं पायऱ्यांचं पान काढलं. तिथे असं छापलं होतं:

"किल्ल्याच्या बुरुजाखाली खाडीच्या पात्रात अकरा पायऱ्यांचा एक प्राचीन धक्का असून तो केवळ मोठ्या ओहोटीस दृष्टीस पडतो. येथील नावाडी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून होड्या हाकीत असूनही त्यांस त्याची गंधवार्ता नाही. इतिहासाविषयीची त्यांची ही उदासीनता शोचनीय होय. प्रस्तुत लेखकाने तीन दिवस चिखल तुडवून स्वप्रयत्नाने हा धक्का शोधून काढिला."

तिनं ते दोनदा वाचलं. मग पुस्तिका मिटून पिशवीत घातली. डबा उघडला नाही. दुपारच्या तासाला एका मुलीनं सातचा पाढा चुकवला तेव्हा तिनं टेबलावर पट्टी इतक्या जोरात आपटली, की पट्टीचं टोक उडालं आणि वर्ग चिडीचूप झाला. तुळसा कधी पट्टी उचलत नसे. मुलींना कळेना बाईंना काय झालं.

घरी पुस्तिका न्यायचीच नाही असं तिनं ठरवलं होतं. पण शाळेतल्या शिपाईणबाई बंदराजवळच राहायच्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की केळशीकर मास्तरांचं पुस्तक आलं. तुळसा दारात पोचली तेव्हा काळुराम पाय धुऊन ओटीवर बसलेला होता. आई, आवडाबाई, आतून हात पुसत आली. आत्या ठमाबाई शेजारच्या घरातून आली.

"वाच," काळुराम बोलला. "आदी पायऱ्यांचा वाच. बाकी मंग."

तुळसानं पान काढलं. पहिलं वाक्य होतं तसं वाचलं. दुसऱ्या वाक्यापाशी तिनं वर पाहिलं. बाप पुढे झुकून बसला होता, तोंड किंचित उघडं, लहान मूल गोष्ट ऐकतं तसा. तिची जीभ वळली ती अशी: "हा धक्का येथील अनुभवी नावाडी काळुराम तरे यांनी प्रस्तुत लेखकास दाखविला."

"सगळा नाव लिवलंय? तरे पन?"

"तरे पण."

"कंच्या जागी?"

तिनं बोट ठेवलं, बोट पडलं तिथे. काळुराम उठला, देवापुढच्या करंड्यातलं कुंकू चिमटीत घेऊन आला आणि तिच्या बोटाखालच्या ओळीवर त्यानं लाल रेघ ओढली.

एकदा वाचून भागलं नाही. संध्याकाळी बंदरावरचे दोघे आले, दुसऱ्या दिवशी मामा आला. प्रत्येकाला ते वाक्य ऐकायचं होतं आणि प्रत्येक वेळी ते तसंच्या तसं यायला हवं होतं. तुळसानं ते पाठ केलं. शाळेत जाताना ती ते वाक्य मनात घोकायची आणि घोकता घोकता केळशीकरांना शिव्या द्यायची. तिला त्यांचा राग येत होता आणि स्वतःचाही, पण स्वतःचा राग त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. हे खोटं मी बोलले ते त्यांच्यामुळे, असं ती स्वतःला सांगायची.

सहलीचा दिवस ठरला तो अवसेनंतरचा, मुलींना पायऱ्या दिसाव्यात म्हणून. मालनताईंनी केळशीकरांनाच पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तुळसाला हे आदल्या दिवशी दुपारी कळलं. ती मालनताईंच्या खोलीत गेली.

"मी उद्या येत नाही. मला बरं नाही."

"तुम्ही बंदरावरच्या," मालनताई म्हणाल्या. "पन्नास मुली पाण्याजवळ न्यायच्या आणि तुम्ही नाही म्हणता? ते चालायचं नाही."

बापाला बंदरावरून दूर ठेवता आलं तर पाहावं म्हणून तिनं घरी सांगितलं, उद्या शाळेची गर्दी आहे, तू पलीकडेच थांब. काळुराम हसला. त्यानं सकाळी न्हाव्याकडून दाढी करून घेतली आणि लग्नकार्यात घालायचा कोट घातला. कोटाच्या खिशात पुस्तिका होती.

केळशीकर ठाण्याहून तीन स्नेह्यांना घेऊन आले होते. टांग्यातून उतरले, पारनाक्यापासून मुलींच्या रांगेपुढे चालले. वाडा दाखवला, तळं दाखवलं, किल्ल्याच्या दरवाजाखाली उभे राहून बोलले. चांगलं बोलत होते, हे तुळसाला मान्य करावं लागलं. मुली ऐकत होत्या. मग सगळे बुरुजाच्या बाजूने खाली उतरले. पाणी ओसरलं होतं आणि काळ्या चिखलातून पायऱ्या वर आल्या होत्या.

"या पायऱ्या," केळशीकर छडी रोखून म्हणाले, "तीनशे वर्षं कोणाला ठाऊक नव्हत्या."

काळुराम होडीपाशी उभा होता. तो पुढे आला, दोन्ही हात जोडले. "राम राम साहेब. वळखलंत ना?"

केळशीकरांनी त्याच्याकडे पाहिलं. छत्री डाव्या हातात होती ती त्यांनी त्याच्या हातात दिली. "धर जरा. आणि त्या मुलींना चिखलात उतरू देऊ नकोस."

काळुरामनं छत्री धरली. अजून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं. गर्दीत माणूस ओळखू येत नाही, त्यात दोन वर्षं झालेली, असं त्याला वाटलं असावं. त्यानं छत्री काखेत घेतली, खिशातून पुस्तिका काढली, कुंकवाचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"मी काळुराम. ह्यो बगा, माजं नाव लिवलंय तुमी."

तुळसा मुलींच्या पलीकडे होती. ती धावली, पण चिखलात तिचा पाय घसरला आणि तेवढ्यात केळशीकरांनी चष्मा वर सारून पुस्तिका हातात घेतली होती.

"याच्यावर रेघ कोणी मारली?" ते म्हणाले, आणि शिक्षकाच्या सवयीनं त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. "इतिहासाविषयीची त्यांची ही उदासीनता शोचनीय होय. ह्यात तुझं नाव कुठे आहे?"

काळुरामला उदासीनता समजली नाही, शोचनीय समजलं नाही. पण आपलं नाव त्यात नाही एवढं समजलं. त्यानं केळशीकरांकडे पाहिलं नाही. मान वळवून तुळसाकडे पाहिलं. ती त्याच्यापासून चार हातांवर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. तेवढं वाचायला त्याला शाळा लागत नव्हती.

"नाव यांचंच यायला हवं होतं," तुळसा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्ही आमच्या ओटीवर बसून तसं म्हणाला होतात. मी चहा दिला होता तुम्हाला."

"आपण कोण?"

"मी यांची मुलगी. या शाळेत शिक्षिका आहे. तुम्ही लिहिलंत, इथल्या नावाड्यांना या पायऱ्यांची गंधवार्ता नाही. मग तुम्हाला अवसेला या म्हणून कोणी सांगितलं? खालच्या पायरीवर गलबत आहे म्हणून कोणी सांगितलं? तुम्ही लिहिलंत, तीन दिवस चिखल तुडवला. चिखल यांनी तुडवला. तुम्ही यांच्या खांद्यावर होतात."

मागच्या रांगेत एक मुलगी फसकन हसली आणि मग बऱ्याच हसल्या. केळशीकरांचे कान लाल झाले. ठाण्याचे स्नेही खाडीकडे बघू लागले.

"बाई, आपण शिकलेल्या आहात," केळशीकर म्हणाले. "होडी कोणाची तरी घ्यावीच लागते. नावाडी एक होता खरा. म्हणून काय ग्रंथात टांगेवाल्याचं नि नावाड्याचं नाव घालायचं? त्या दगडांचं महत्त्व त्याला ठाऊक होतं का? तो त्याला होडी बांधत होता."

"होडी बांधायलाच केलेल्या आहेत त्या," तुळसा म्हणाली.

"तुळसाबाई," मालनताई म्हणाल्या, "पुरे."

काळुरामनं मिटलेली छत्री तशीच केळशीकरांच्या पायाशी, कोरड्या दगडावर ठेवली. पुस्तिका त्यांच्याच हातात राहिली. तो होडीत चढला, दोर सोडला आणि ओसरत्या पाण्यातून एकटाच पलीकडे गेला. पलीकडे कोणी उतारू नव्हता.

तो परत आला तेव्हा दिवस कलला होता. तुळसा ओटीवर बसून होती. शाळेतली दुसरी प्रत तिनं आणून ठेवली होती, कारण तो मागणार हे तिला माहीत होतं.

"वाच," काळुराम बोलला. "लिवलंय तसा."

तिनं वाचलं. शोचनीय म्हणजे काय ते त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी आवडाबाई आतून म्हणाली, "आता बस करा, पोरीचा आवाज बसलाय."

"तू गप."

चौथ्यांदा वाचून झालं तेव्हा तुळसा म्हणाली, "तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"मना वाईट वाटंल का नाय ते मी बगीन. ते तू कोन ठरवनारी?" तो ओरडत नव्हता. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "त्यो केळशीकर. त्यानं मना कागदावर अडानी बोलला. लांबचा मानूस, त्याला काय. तू माज्या वटीवर बसून मना अडानी केलंस. मी बंदरभर सांगत फिरलू. मामाला सांगितला. न्हाव्याला सांगितला आज सकाळी. तुला साळंत घातली तवा समदी वस्ती हसली, पोरीला शिकवून काय करतंस. मी बोललू, घरात एक तरी वाचनारं मानूस पायजे, कोन आपल्याला फसवनार नाय."

तुळसाला वाटलं होतं, केळशीकरांना चारचौघांत सुनावल्यावर तिचा राग शांत होईल. तो झाला नव्हता. उलट आता तो बापावरही वळला होता. एवढं ती त्याच्यासाठी मुख्याध्यापिकेसमोर बोलली होती, आणि हा तिलाच केळशीकरांच्या रांगेत बसवत होता. ती उठून आत गेली आणि तिनं भांडी आपटली. काळुराम जेवला नाही. तीही जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी मालनताईंनी तिला कोरा कागद दिला. पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल माफीनामा लिहून द्या, प्रकरण मिटेल. तुळसानं कागद घेतला, घडी घातली आणि परत टेबलावर ठेवला.

"मी जे बोलले त्यात खोटं काय होतं, तेवढं सांगा. त्याची माफी लिहिते."

"खोट्याखऱ्याचा प्रश्न नाही हो. जागा आणि वेळ असते."

"ती त्यांनी निवडली होती."

महिन्याभरात तिची बदली खडवलीच्या शाळेत झाली. पहाटेची गाडी धरायची, संध्याकाळी परत यायचं. आवडाबाई डबा भरून द्यायची. काळुराम तिच्याशी कामापुरतं बोलायचा. "आईला बोलाव." "दार लाव." एवढंच. घरी पोस्टानं काही आलं तर तो कागद उचलून पारनाक्यावरच्या नाथा वाण्याकडे न्यायचा आणि त्याच्याकडून वाचून घ्यायचा. घरात शिकलेली मुलगी असताना. नाथानंही एकदा तिला विचारलं, काय गं, भांडण झालं का. तो अपमान तिला केळशीकरांच्या ओळीपेक्षा जास्त लागला.

खडवलीहून तिनं केळशीकरांना पत्र लिहिलं. जे घडलं ते क्रमानं लिहिलं आणि शेवटी, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी, एवढं मागितलं. तीन आठवड्यांनी त्यांचं कार्ड आलं, घरच्या पत्त्यावर. काळुरामनं ते नाथाकडे नेलं नाही. का नाही, ते त्याचं त्याला माहीत. तुळसा स्टेशनवरून आली तेव्हा तो ओटीवर बसला होता आणि कार्ड त्याच्या मांडीवर होतं.

"वाच."

तिनं उभ्या उभ्या वाचलं. "आपले पत्र पावले. आपल्या भावना समजल्या. पुढील आवृत्तीचा योग आल्यास 'एका स्थानिक नावाड्याच्या साहाय्याने' असे शब्द घालण्याचा विचार करता येईल. कळावे."

"येका?"

"हो. एका."

"नाव नाय."

"नाही."

काळुरामनं कार्ड परत मागून घेतलं, उलटंसुलटं केलं. "नावाडी या खाडीत शंभर हायेत," तो बोलला. "कागद आन. मी सांगतंय ते लिव. तुजी भाषा घालू नको."

ती पाटावर बसली. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. कुठे शब्द सुधारावासा वाटला तरी तिनं हात आवरला.

"केळशीकर साहेबाला काळुराम भागा तरे याचा राम राम. मी अडानी हाय. मना लिवता येत नाय. पन पायऱ्या मना माज्या बापानं दावल्या आनी तुमाला मी दावल्या. तुमी पाय चिखलात घालाला भ्यायलात तवा मी तुमाला खांद्यावर घेतला. तुमी माज्या घरचा चा प्यायलात. येक नावाडी लिवू नका. लिवायचा तर काळुराम भागा तरे लिवा. नाय तर काय पन लिवू नका, पायऱ्यांचा पान फाडून टाका. तुमी मास्तर हाव. पोरांना खोटा शिकवू नका. माजी पोर खोटा बोलली ती मना बरा वाटावा म्हनून. तुमी खोटा लिवला तो तुमाला बरा वाटावा म्हनून."

शेवटच्या दोन वाक्यांवर तुळसाचा टाक थांबला. तिनं वर पाहिलं. काळुराम खाडीकडे बघत होता.

"थांबलीस कशाला? लिव."

तिनं लिहिलं. वाचून दाखवलं. त्यानं कागद हातात घेतला, पाकीट मागितलं, पण चिकटवलं नाही. चपला घातल्या. तो कुठे निघाला ते तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले.

"नाथाकडून वाचून घेणार आहेस?"

"व्हय."

"मग मला कशाला लिहायला लावलंस? त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं."

"तुजा अक्षर चांगला हाय," काळुराम बोलला. "चल तू पन."

पारनाक्यापर्यंत ती त्याच्या दोन पावलं मागे चालली, संतापानं फुगलेली. नाथानं गिऱ्हाइकाला थांबवलं, दिव्याखाली कागद धरला आणि अडखळत, एकेक शब्द मोठ्यानं वाचला. दुकानात गूळ घ्यायला आलेल्या दोन बायकाही ऐकत उभ्या राहिल्या. काळुराम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, पडताळून पाहत होता. 'माजी पोर खोटा बोलली' हेही नाथानं सगळ्यांसमोर वाचलं. तुळसा पायरीखाली उभी होती. तिला तिथून निघून जायचं होतं, पण ती हलली नाही.

वाचून झाल्यावर काळुरामनं कागद घेतला.

"बरोबर लिवलंय," तो नाथाला म्हणाला, आणि मग तिच्याकडे वळून, बऱ्याच महिन्यांनी तिच्या नावानं: "तुळसा, पत्ता लिव वरती. मोठ्या अक्षरात."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली की नाही, ते बंदरावर कोणाला कळलं नाही. सहली मात्र येत राहिल्या, अवसेनंतर पायऱ्या बघायला माणसं येत राहिली. काळुराम त्यांना दाखवायचा, पण आधी म्हणायचा, वही काढा आणि माझं नाव लिहा. काही लिहीत. काही हसत, विचित्र म्हातारा आहे म्हणत, आणि पायऱ्या न बघता किल्ल्यावर परत जात. त्यांना तो जाऊ द्यायचा. तुळसा सुट्टीच्या दिवशी बंदरावर असली, तर तो आलेल्या माणसाची वही तिच्यापुढे धरायचा.

"बग," म्हणायचा, "नीट लिवलंय का."